ताणलेलं कापड

मी तंबू बोलतोय. आता उभा नाही, अर्धा उसवून पडलोय. तेव्हा थोडक्यात सांगतो.

मला एका शिंप्याने शिवलं. त्याचा जावई रस्त्यांच्या मोजणीवर. जिथे घर नाही तिथे मुक्काम. लेकीच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून म्हातारा तीन महिने माझ्यावर वाकून होता. जाड सुती कापड, मेणाचा दोरा, सोळा सुती दोर. प्रत्येक दोर ओवताना पुटपुटायचा, "पावसाआधी सैल करायचा. भिजला की आखडतो." हे मीच तेवढं ऐकलं.

मला न्यायला आला तेव्हा जावयाच्या हातात जाडजूड शब्दकोश.

"मामा, याला इंग्रजीत टेंट का म्हणतात, माहीत आहे? मूळ लॅटिन. अर्थ, ताणणे. पूर्वी माणसं काठ्यांवर कातडी ताणून राहायची. आपला 'ताण'सुद्धा त्याच कुळातला. आजाऱ्याभोवती प्राणवायूसाठी पडदा लावतात, त्यालाही टेंटच म्हणतात."

"चाळीस वर्षं शिवतोय मी. आता बाराखडीही शिकवा."

"बाबा, ते चांगलंच सांगताहेत," मुलगी म्हणाली.

"बरं. मग उभारायचं कसं, तेही पुस्तकात असेलच."

एवढं बोलून म्हातारा आत गेला. दोरांचं सांगायचं होतं, ते सांगितलं नाही.

दीड महिना मी ठीक होतो. मग एका दुपारी आभाळ भरून आलं. जावई हातोडा घेऊन बाहेर पळाला. खुंट्या खोल ठोकल्या, दोर ओढून मला नगाऱ्यासारखा ताठ केला. शब्दकोशात 'ताणणे' एवढंच होतं. पाऊस आला, दोर भिजले, आखडले. एका बाजूच्या खुंट्या उपटून निघाल्या. मधला खांब मोडून मुलीच्या पाठीवर पडला.

ती वाचली. पण पाय कायमचे लुळे पडले.

ती बापाच्या घरी आली, मागोमाग मीही. जावई खाटेजवळ बसून असायचा. ती त्याला रोज तेच म्हणायची, "बाबांना एकदा विचारलं असतं तर?" तो तिच्या पायांना तेल चोळत राहायचा. म्हातारा कोपऱ्यात बसून मला उसवायचा. एकेक टाका. असे वीस दिवस गेले.

एकविसाव्या दिवशी जावयाने पिशवी भरली. "मी जातो. माझं तोंड बघून तुला त्रासच होतो."

म्हाताऱ्याची कात्री थांबली.

"थांबा, जावईबापू. चूक तुमची नाही. ओले दोर आखडतात, हे मला ठाऊक होतं. रागात सांगितलं नाही."

कुणी रडलं नाही. जावयाने पिशवी खाली ठेवली. मुलीने एकदा आपल्या पायांकडे पाहिलं.

"कात्री ठेवा, बाबा," ती म्हणाली. "पुरे झालं आता. बोट कापेल."

त्याने कात्री ठेवली. नंतर उचलली नाही.

मला पुन्हा शिवू नका. फाडून फरशी पुसायला घ्या, माझी हरकत नाही. पण कुणाला छप्पर द्याल, तर ते सांभाळायचं कसं तेही सांगा. राग नंतर धरा.