पंखा वाढवा

वेलांटीला मालकाचं नाक कापायचं होतं. संगणक वगैरे सगळं त्यासाठी.

वेलांटी हे तिचं छापखान्यातलं नाव. चौदा वर्षं ती तिथे अक्षरजुळणी करत होती आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटली असं कधी झालं नव्हतं. गेल्या वर्षी व्यापारी मंडळाच्या सूचीत, फोटोखाली, ‘मंडळाचे सुज्ञ अध्यक्ष’च्या जागी ‘मंडळाचे सुन्न अध्यक्ष’ छापून आलं. ती ओळ मालकाने स्वतः टाकली होती, तीही वेलांटीने सगळी पानं तपासून सही केल्यानंतर, घाईघाईत. पण मंडळाचे चिटणीस पाय आपटत छापखान्यात आले तेव्हा मालकाने सगळ्यांदेखत तिच्याकडे बोट दाखवलं. “हिची चूक. आजपासून हिला काढली.” मशीनवाले, बांधणीवाले, सगळे खाली बघत उभे. तिच्या बाजूने एकाची जीभ उचलली नाही. आठ महिने झाले तरी ते बोट तिला जेवताना दिसायचं आणि घास कडू व्हायचा.

तिने एकच डाव मनात धरला. यंदा हीच सूची मालकाच्या हातून काढून घ्यायची. चिटणीसांच्या दारात ती चार वेळा गेली, तेव्हा ते कंटाळून म्हणाले, “शुक्रवारी पाचला शंभर पानांचा नमुना आणा. मालकही आणणार आहेत. ज्यात चूक नाही त्याचं काम.”

त्यासाठी तिने घरी संगणक जोडला. सुटे भाग आणून, पुस्तिका वाचून, स्वतःच्या हाताने. अडचण एवढीच, की जवळपास सुट्या भागांचं दुकान एकच, आणि दुकानदार नेमका मालकाचा मेहुणा. माणूस तसा सरळ होता. भाग बांधून देताना त्याने संगणकाच्या पेटीच्या तोंडावरचं एक काळं बटण दाखवलं. “ताई, हा प्रोसेसरवरच्या पंख्याचा वेग. काम जड असलं की पंखा वाढवायचा. गरम झाला की मशीन आपोआप बंद पडतं.”

पेटी ठेवली आबांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर. आबा म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी कापडाचं दुकान चालवलं होतं, आता दुकान नव्हतं पण शिस्त होती. लेकीच्या कामात आपला हात लागावा ही त्यांची हौस. ती पडद्याकडे बघत व्यापाऱ्यांची नावं जुळवायची, ते यादी वाचून दाखवायचे आणि ती म्हणायची, “आबा, पंखा वाढवा.” आबा लगेच बटणाला हात घालायचे.

आणि पंचवीसेक मिनिटांनी पडदा काळा. आवाज नाही, सूचना नाही, सरळ अंधार.

पहिल्या दिवशी ती स्वतःवरच चिडली. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीतलं सॉकेट बदललं. मग मेमरीच्या दोन पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. मग पंखा उचकटून प्रोसेसरवरचा लेप पुसून नवा लावला, तांदळाच्या दाण्याएवढा, पुस्तिकेत होता तसा. मशीन पुन्हा सुरू केलं की पंखा छान फिरताना दिसायचा. थोड्या वेळाने पुन्हा अंधार, आणि शेवटची तीन पानं गायब.

बुधवारी तिने पेटी उचलून दुकानात नेली. मेहुण्याने ती तीन तास चालवली. एकदाही बंद पडली नाही. तरीही त्याने वीज पुरवणारा डबा बदलून दिला. घरी आणली, आबा शेजारी बसले, अर्ध्या तासात ठप्प.

आता मात्र तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुकानात चालतं, घरी चालत नाही, म्हणजे घरी नेताना भाग बदलतोय लबाड! मालकाने, याच्या दाजींनीच, शिकवून ठेवलंय याला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती तशीच परत गेली, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, आणि काउंटरवर हात आपटून म्हणाली, “भंगार विकतो हा! मेहुण्यामेहुण्यांनी मिळून माझं काम बुडवायचं ठरवलंय. घेऊ नका इथून काही!” दोन गिऱ्हाइकं हातातला माल ठेवून निघून गेली. मेहुणा गोरामोरा झाला. तिला इतकं बरं वाटलं, की घरी येईपर्यंत ती गुणगुणत होती.

शुक्रवारी सकाळी नऊला मेहुणा तिच्या दारात.

“दाखवा कसं बंद पडतं,” तो म्हणाला. “मी इथेच बसतो. चहा नको.”

ती तोऱ्यात कामाला बसली. समोरच्या पत्र्याच्या कारखान्याचा ठणठणाट रोजच्यासारखा चालूच होता, पंख्याचा आवाज बुडवणारा. आबांनी यादी वाचायला घेतली. चित्रांची पानं आली, तशी ती सवयीने म्हणाली, “आबा, पंखा वाढवा.”

आबांनी बटण धरलं आणि डावीकडे फिरवत नेलं, टक् होईपर्यंत. पंखा थांबला.

मेहुणा खुर्चीतून उठलाच. “आजोबा, हे काय केलंत?”

“वाढवला की,” आबा म्हणाले. “ती सांगते तेव्हा वाढवतो. ती मशीन सुरू करते तेव्हा परत चालू करतो. माझी कधी चूक नसते.”

वेलांटीचे हात जागच्या जागी थांबले. आबांनी उभ्या आयुष्यात दुकान ‘बंद’ केलं नव्हतं. रात्री ते दुकान ‘वाढवायचे’. ‘बंद’ हा अशुभ शब्द त्यांनी घरातसुद्धा येऊ दिला नव्हता. दिवा वाढव, रेडिओ वाढव, नळ वाढव. ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण संगणकापुढे बसली की ती मेहुण्याची भाषा बोलायची आणि आबा त्यांच्या कापडाच्या दुकानाची.

“माझ्यामुळे बंद पडत होतं?” आबांनी विचारलं. ‘बंद’ म्हणाले. तो शब्द तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

“नाही आबा. शब्द मी चुकीचा वापरला.”

मेहुण्याने बटण उजवीकडे फिरवलं, पंखा गरगरायला लागला. “मशीनला काही झालेलं नाही. आता पाचपर्यंत पळवा. फक्त एक सांगतो ताई. दाजींनी तुमचं जे केलं, तेच तुम्ही माझं केलंत. चारचौघांत. परवापासून दुकानात चिटपाखरू फिरकलेलं नाही. जे गर्दीत बोललात ते गर्दीत परत घ्या.”

“आज नको,” ती म्हणाली. “आज मला वेळ नाही.”

“दाजींनाही तेव्हा वेळ नव्हता,” तो म्हणाला आणि निघून गेला.

पानं पावणेपाचला संपली. पाचला ती मंडळाच्या कचेरीत मालकासमोर बसली होती. चिटणीसांनी दोन्ही नमुने पानापानाने तपासले. मालकाच्या नमुन्यात सात चुका निघाल्या, तिच्यात एकही नाही. मालकाचं तोंड एवढंसं झालं. तिला हवं होतं ते सगळं समोर होतं.

“काम तुमचं,” चिटणीस म्हणाले. “आणखी एक. मंडळाला दोन संगणक हवेत. ह्यांच्या मेहुण्याकडून घेणार होतो, पण तो भंगार विकतो असं तुम्हीच म्हणे भर दुकानात सांगितलंत?”

गप्प बसणं सोपं होतं. हो म्हटलं तर मालकाच्या अख्ख्या गोतावळ्याला पाणी पाजता आलं असतं. आणि खरं बोलायचं, तर ते याच माणसासमोर, त्याला दात काढायची संधी देऊन.

“मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “माल चोख होता. चूक माझी होती, ती मी त्याच्यावर ढकलली.”

मालक फिसकन हसला. “ऐकलंत? बाईंच्याही चुका होतात. आणि हिच्या हातात सूची देताय?”

“होतात की,” वेलांटी म्हणाली. “माझी मी कबूल केली, आणि तुमच्यासमोर केली, म्हणजे किती जड गेलं असेल बघा. आता तुमची पाळी. सुज्ञचं सुन्न कोणी केलं?”

चिटणीसांनी हातातली पानं खाली ठेवली आणि चष्मा काढून मालकाकडे पाहिलं. “कोणी?”

मालक आपल्या नमुन्याची पानं गोळा करायला लागला. वेलांटी खुर्चीत मागे टेकून बसली. तिला कसलीच घाई नव्हती.