जाळीपलीकडची तलंग

थोरलीच्या परसात सहा कोंबड्या होत्या आणि गेल्या नऊ वर्षांत त्यांच्या खुराड्यात तिच्याशिवाय कोणी हात घातला नव्हता. पुढच्या खोलीत ती पुस्तकांची बांधणी करायची, आणि हातावरची खळ वाळेपर्यंत मागे जाऊन दाणे टाकायची. बोलायची सवय तिला फारशी नव्हतीच. कोंबड्यांनाही त्याची गरज पडली नव्हती.

मग धाकटी बहीण राहायला आली. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली, आवाजात साखर. तीन महिन्यांत तिने अख्खी गल्ली आपलीशी केली. जो पाववाला नऊ वर्षांत थोरलीशी नऊ वाक्यं बोलला नसेल, तो फाटकापाशी पाव तास गप्पा हाणू लागला. थोरलीने तेही गिळलं. पण एका सकाळी ती मागच्या दारात आली, तर धाकटी पायरीवर बसलेली, आणि तिच्या मांडीवर मुकादम. मुकादम म्हणजे सहाजणींवर हुकूम चालवणारी तांबडी कोंबडी. ती आजवर थोरलीच्या पायालासुद्धा घासून गेली नव्हती.

"किती ऊबदार असते गं ही," धाकटी म्हणाली.

"अंगावर घाण करेल," थोरली म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिने कोंबड्यांकडे न बघताच दाणे टाकले.

पुढच्याच आठवड्यात धाकटीने बाजारातून खोक्यात घालून एक तलंग आणली. अजून अंड्यावर न आलेली, करडी, लांब मानेची. "तुझ्या कोंबड्यांना सोबत," ती म्हणाली.

"त्यांना सोबतीची कमी नाही. एकदम सोडलीस तर फाडून खातील. पंधरा दिवस जाळीपलीकडे राहू दे. एकमेकींना बघतील, मग सोडू."

थोरलीने स्वतः जाळी उभी करून तारेने बांधली. कामात कुचराई करणं तिच्या रक्तात नव्हतं. धाकटी तास न् तास जाळीशी बसून बोलायची. चौथ्या दिवशी तलंग तिच्या तळहातावरून दाणे टिपू लागली. गंमत म्हणजे जाळीच्या अलीकडच्या सहाजणीही तिथेच गोळा व्हायच्या. थोरलीने दाण्यांचा डबा वाजवला तर दोघी-तिघीच वळायच्या.

सहाव्या दिवशी धाकटी दाढ काढायला दवाखान्यात गेली. थोरली एका जाड वहीच्या कण्याला खळ लावत होती. खिडकीशी पोस्टमन आला.

"धाकट्या बाई नाहीत का?"

"नाहीत."

"मग उद्या येतो," म्हणून तो वळला. टपाल थोरलीच्याच नावाचं होतं, ते त्याच्या हातातच राहिलं.

थोरलीने ब्रश खाली ठेवला. मागे गेली, तार सोडली, जाळी बाजूला केली. सहा दिवस पुष्कळ झाले, तलंग चांगली दांडगी आहे, असं तिने मनाशी म्हटलं. खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती परत येऊन बसली. मागून पंखांची फडफड ऐकू आली, मग एक किंचाळी. थोरलीने दुसऱ्या वहीला खळ लावली. मग तिसरीला. मग आवाज एकदम थांबला आणि तिच्या हातातला कागद चुरगळला.

ती मागे धावली, तर तलंग कोपऱ्यात डोकं खुपसून बसली होती. मान सोलून निघालेली. रक्त दिसलं की कोंबड्या त्याच जागी टोचत राहतात. सगळ्या तिच्याभोवती जमल्या होत्या आणि मुकादम तिच्या पाठीवर उभी होती. थोरलीने हात घातला तसा मुकादमने तिचंही बोट फोडलं. जखम धुऊन, जांभळं औषध लावून तिने तलंगेला खोक्यात ठेवलं.

धाकटी आली. गाल सुजलेला, जीभ जड. खोक्यात पाहून ती मटकन खाली बसली.

"जाळी सुटली," थोरली म्हणाली.

धाकटी उठून मागे गेली, लगेच परत आली. "तार नीट गुंडाळून खिळ्याला लावलीय, ताई. आपोआप सुटलेली तार अशी लागत नाही."

थोरली फुटलेल्या बोटाला चिंधी गुंडाळू लागली.

"का?"

"माझ्या कोंबड्या आहेत त्या," थोरली म्हणाली. बाकी काही तिला सुचलं नाही.

"मी जाऊ का इथून? तसं तोंडाने सांग. मुक्या जिवावर राग काढू नकोस."

"जाऊ नकोस."

त्यानंतर धाकटी बोलायची थांबली. पाववाला हाक मारून गेला, ती उठली नाही. थोरलीला हवी होती तशी शांतता घरात आली, आणि त्या शांततेत ती ताट अर्धं टाकून उठू लागली.

आठवड्याने तलंगेच्या मानेवर खपली धरली. थोरलीने मुकादमला उचलून जाळीपलीकडे कोंडलं. चार-पाच दिवस दूर राहिली की तिचा तोरा उतरतो, हे तिला माहीत होतं. तलंगेला तिने उरलेल्या पाचजणींत सोडलं, दाण्यांची दोन भांडी लांब-लांब ठेवली, आडोशाला फळी लावली आणि स्टूल टाकून हातात काठी घेऊन बसली. वह्या टेबलावर पडून राहिल्या. गिऱ्हाईक येऊन ओरडून गेलं. पाचव्या दिवशी मुकादम परत आली, तिने तलंगेला एक टोच मारली, तलंग फळीमागे पळाली. तेवढंच.

धाकटी येऊन पायरीवर बसली. ती म्हणाली, "पिसं येतील का परत?"

"येतील. महिना लागेल."

"मी अजून रागावलेय."

"माहितीय."

तलंग फळीमागून निघाली आणि थोरलीच्या स्टुलाला वळसा घालून तडक धाकटीच्या मांडीवर चढली. मुकादम त्या मांडीवर दिसली होती तेव्हाइतकंच थोरलीला आताही लागलं. तिने काठी खाली ठेवली. मग तिने भिंतीशी ठेवलेलं, कोंबड्यांची शीट खरवडायचं खुरपं उचललं आणि धाकटीपुढे धरलं.

"लाड खूप झाले. उद्यापासून खुराडं तू साफ करायचं."

धाकटीने ते हातात घेतलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. "कसं करतात ते दाखव तरी," ती म्हणाली.