दुसऱ्या ओळीतला फुगा

"जुनं सगळं काढून टाका. एकदम साफ," गजानन सर म्हणाले आणि काउंटरवर ठेवलेल्या संगणकावरची धूळ त्यांनी रुमालाने झटकली. ती उडून त्यांच्याच चष्म्यावर बसली.

गजानन सर मूकबधिर मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक. हा संगणक कुणीतरी शाळेला देणगीत दिलेला होता आणि गेली काही वर्षं कपाटाशेजारी नुसता झाकून ठेवलेला होता. आता वरच्या कार्यालयाने सगळी माहिती संगणकावर मागायला सुरुवात केली होती. त्यासाठी विंडोज एक्सपी लागत होतं, आणि नवा संगणक घ्यायची शाळेची ऐपत नव्हती.

"होऊन जाईल सर," मच्छिंद्र म्हणाला. "पण मशीन जुनी हाय. एक्सपी चालंल, पण रांगत चालंल."

"रांगू द्या. सोमवारी तपासणीला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर सुरू झालं म्हणजे मिळवली."

सर गेले. मच्छिंद्रने संगणकाच्या डब्याचे स्क्रू काढले आणि डबा मागे बेबीनंदाकडे सरकवला.

जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत मच्छिंद्रचं एका शटरचं दुकान. तो मूळचा घनसावंगीचा. शेतातल्या मोटारी दुरुस्त करता करता टीव्हीकडे वळला आणि टीव्ही करता करता संगणकात शिरला. शिक्षण बेताचं, पण हात चांगला. त्याचा एक नेम होता. मशीनमध्ये आधी काय आहे ते बघितल्याशिवाय काही पुसायचं नाही. हा शहाणपणा त्याला एका वकिलाच्या शिव्या खाऊन आला होता.

बेबीनंदा त्याची थोरली बहीण. चाळिशी गाठलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. वडील गेल्यावर मच्छिंद्रने तिला जालन्याला आणलं, माय गावीच राहिली. घरात बसून करायचं काय, म्हणून ती दुकानात यायला लागली आणि मशिनी साफ करायचं काम तिने आपणहून धरलं. ब्रश आणि फडकं घेऊन बसायची. तिची सफाई झाल्याशिवाय मच्छिंद्रने डब्याला हात लावलेला तिला खपत नसे. मग ती त्याच्या मनगटावर ब्रशच मारायची.

गिऱ्हाइकं तिला मुकी म्हणायची. पण ती मुकी नव्हती. आवाज होता तिला. पोटातून निघणारा, जाड, मोठा. आनंद झाला की तो आपोआप बाहेर यायचा, आणि तो केवढा आहे हे तिला कळायचं कारणच नव्हतं. त्यावर घरात एकच उपाय होता. ओठांवर बोट. पाहुणे आले की बोट, देवळात गेलं की बोट. त्यांची माय तुळजाबाई हे बोट इतक्यांदा दाखवायची, की मच्छिंद्रही ते अक्षरओळखीच्या आधी शिकला. त्याच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि बेबीनंदाचा आवाज मांडवात घुमला. लोक वळून बघायला लागले. तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवानेच पाटावरून वाकून तिला बोट दाखवलं, आणि चुलतभाऊ भुजंगने तिला मागे आचाऱ्यांकडे नेऊन बसवलं. लग्नाच्या एकाही फोटोत बेबीनंदा नाही.

सफाई झाल्यावर मच्छिंद्रने संगणक सुरू केला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. विंडोजच्या आधीच्या जमान्यातला जुना डॉस. आत काय आहे ते बघताना त्याला एका प्रोग्रामचं नाव दिसलं, ते त्याने टाइप करून बघितलं. पडद्यावर सुरकुतलेला लाल फुगा आला. बस्स, एवढंच. काही हलेना, काही होईना. मशीनसोबत एक माइक आलेला होता तो त्याने मागच्या बाजूला जोडला आणि तेवढ्यात त्याला खोकला आला.

फुगा फुगला.

"आयला," मच्छिंद्र म्हणाला. फुगा परत थोडा फुगला. तो गप्प बसला तशी फुग्यातली हवा उतरली.

मग त्याच्या ध्यानात आलं. ज्या मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यांना तो डोळ्यांनी दिसावा म्हणून कुणीतरी ही करामत केली होती. त्याने काउंटरवर दोनदा थाप मारली. बेबीनंदाला हाक मारायची त्याची हीच रीत, लाकडाचा हादरा तिला बरोबर कळायचा. ती आली. त्याने माइक तिच्या गळ्याशी धरला आणि स्क्रीनकडे बोट केलं. तिला काही समजेना. त्याने स्वतः बोलून दाखवलं, फुगा फुगवून दाखवला. ती हसली, आणि हसता हसता तिचा तो आवाज निघाला.

मच्छिंद्रचं बोट सवयीने वर गेलं. ओठांपर्यंत पोचलं नाही. स्क्रीनवर फुगा मोठा मोठा होत गेला, फुटला, आणि त्यातून रंगीत टिकल्या सगळ्या पडद्यावर सांडल्या.

बेबीनंदा एकदम थांबली. टिकल्या विरल्या, फुगा परत सुरकुतला. तिने आधी स्क्रीनकडे बघितलं, मग भावाकडे. मग सावकाश आपला हात गळ्यावर ठेवला आणि मुद्दाम, ठरवून आवाज काढला. फुगा परत वाढायला लागला. तिने जन्मात पहिल्यांदा स्वतःचा आवाज बघितला होता. समोरच्या दुकानातले कचरूशेठ गादीवरून उठून गल्लीत आले.

"काय झालं रं? कुणाला लागलं का?"

"न्हाई शेठ. अक्का मशीन तपासून राह्यली," मच्छिंद्र म्हणाला.

आता अडचण पुढे होती. फुगा मशीनमधल्या ज्या जुन्या साउंड कार्डावर चालत होता, ते कार्ड नव्या विंडोजला ओळखूच येणारं नव्हतं. फुगा उचलून दुसऱ्या संगणकात टाकणंही शक्य नव्हतं. जुनं ठेवलं तरच फुगा राहणार. मात्र एक गोष्ट बरी होती. पूर्वी संगणक तयार करून देणाऱ्याने अर्धीच डिस्क वापरलेली होती, उरलेली अर्धी रिकामी पडून होती. नवं तिथे टाकायचं आणि जुन्याला धक्का लावायचा नाही. मग मशीन सुरू होताना दोन ओळी दाखवेल. ज्याला जे हवं ते त्याने निवडावं.

काम तसं सोपं, पण रोजचं काम हात न विचारता करतात. एक्सपीची सीडी सुरू झाली, डिस्कचे भाग समोर आले. मच्छिंद्रचं बोट नेहमीप्रमाणे पहिल्या भागावर गेलं. पुसायचं म्हणून डी दाबलं, एंटर दाबलं. आता एल दाबलं की जुनं कायमचं गेलं. एलवर बोट टेकणार तोच शेजारी बेबीनंदा दिसली. काढून ठेवलेला माइक मांडीवर घेऊन ती पदराच्या टोकाने तो पुसत होती. मच्छिंद्रने हात मागे घेतला. त्याने एस्केप दाबलं, उठून माठातलं पाणी प्यायला आणि मग एकेक अक्षर वाचत खालच्या रिकाम्या भागात नवं टाकलं.

शनिवारी दुपारी गजानन सर मशीन न्यायला आले. मच्छिंद्रने बटण दाबलं. दोन ओळी आल्या.

"हे काय? दोन कशाला?"

"वर नवं हाय सर, खाली जुनं. दोन्ही चालतंय."

"मी काढून टाका म्हणालो होतो ना? ते आता कुणी वापरत नाही हो. ज्या बाई वापरायच्या त्या निवृत्त होऊन नांदेडला गेल्या. साहेबांसमोर काळा पडदा आला तर मला काय म्हणतील?"

"न्हाई येणार सर. कुणी काही न्हाई दाबलं, तर मशीन सोताहून नव्यात जाते. जुनं पाह्यजे त्यानंच खालची ओळ धरायची."

"तरी नको. उगाच घोटाळा. आत्ता काढून द्या, मी बसतो."

एरवी मच्छिंद्र 'बरं' म्हणाला असता. गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"काढतो सर. पण आधी एकदा बघून घ्या," तो म्हणाला आणि त्याने काउंटरवर दोनदा थाप मारली.

बेबीनंदा आली, खुर्चीवर बसली. या दोन दिवसांत तिने एवढं शिकून घेतलं होतं. बाण खाली, मग एंटर. लाल फुगा आला. तिने माइक गळ्याला लावला आणि आवाज काढला. गल्लीतून जाणारा एक हमाल पोत्यासकट थांबला. सर मात्र दचकले नाहीत. त्यांची सगळी नोकरी अशाच आवाजांत गेली होती. फुगा फुटून टिकल्या सांडेपर्यंत ते उभे राहून बघत होते.

"ह्या कोण?"

"अक्का हाय माझी. थोरली."

"कोणत्या शाळेत होत्या?"

"कोणत्याच न्हाई."

"अहो, आपली शाळा त्या काळीही होती जालन्यात," सर म्हणाले.

"आमाला म्हाईतच न्हव्हतं सर," मच्छिंद्र म्हणाला. खाली बघून पुढे म्हणाला, "आन माय म्हणायची, हिला लोकांत न्यावंच कशाला."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"राहू द्या दोन्ही," ते म्हणाले. "आणि असं करा, शनिवारी दुपारी वसतिगृहातली मुलं मोकळी असतात. ह्यांना पाठवत जा. मशीन पुसायला म्हणून."

मग बेबीनंदा शनिवारी ब्रश पिशवीत घालून शाळेत जायला लागली. मच्छिंद्र एकदा तिला आणायला गेला तेव्हा त्याने खिडकीतून बघितलं. पोरी फुग्यासमोर दाटीने बसल्या होत्या, आणि एका लाजऱ्या पोरीचा हात धरून बेबीनंदाने तो स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता. तो खिडकीतच थांबला. त्या पोरीचा नंबर होईपर्यंत आत गेला नाही.

वैशाखात घनसावंगीला भुजंगच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव माणसांनी भरला होता. तुळजाबाई बायकांमध्ये पुढे बसली होती, तिच्याजवळ नव्या लुगड्यात बेबीनंदा. मच्छिंद्र पुरुषांकडे, हातात अक्षता घेऊन. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या अक्षता पडल्या, आणि नवरीकडे बघता बघता बेबीनंदाचा आवाज मांडवात उठला.

माणसं वळली. तुळजाबाईचं बोट तत्काळ ओठांवर गेलं. भुजंगने लांबूनच मच्छिंद्रकडे बघितलं आणि मान आचाऱ्यांच्या दिशेने हलवली.

बेबीनंदाला आईचं बोट दिसलं. ती क्षणभर थांबली. मग तिने आपला हात उचलून गळ्यावर ठेवला, आवाज तिथे आहे ना ते चाचपलं, आणि नवरीकडे बघत पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने आवाज काढला. तुळजाबाई लेकीच्या त्या हाताकडे बघतच राहिली, आणि तिचं बोट हळूहळू मांडीवर आलं.

भुजंग गर्दीतून वाट काढत मच्छिंद्रजवळ आला. "ऊठ की. जल्दी. तिला मागं ने."

"राहू दे," मच्छिंद्र म्हणाला. त्याने मुठीतल्या अक्षता नवरा-नवरीवर टाकल्या आणि तो जागचा हलला नाही.