शिव्या घालणारं गिऱ्हाईक

कोकणी माणूस गोड बोलायला लागला की समजावं, सोयरीक तुटली. हे मला माझ्या सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने. रत्नागिरीच्या हरिश्चंद्रशेठच्या दुकानातल्या त्या मशीनला कोणी सांगितलं, देव जाणे. पण त्याला ते कळलं, आणि त्यापायी ऐन नारळी पौर्णिमेच्या तोंडावर माझा मेलेला फ्रीझर तसाच पडून राहिला.

मी सत्यवती. पूर्णगडात राहत्ये, मासळी विकत्ये. मुलगा मितेश होडीवर जातो, तो आणतो ते मी पालीच्या बाजारात नेत्ये आणि उरलं की फ्रीझरमध्ये टाकत्ये. दोन झाकणांचा फ्रीझर आहे, माणूस आडवा झोपेल एवढा. हरिश्चंद्रशेठकडूनच घेतलेला. बिघडला तर दुरुस्त करून द्यायचा करार असतो, तो दर श्रावणात नवा करायचा. पूर्वी त्यासाठी शेठ स्वतः फोन करायचा. आता मनस्वी करते.

मनस्वी म्हणजे बाई नव्हे हो, कॉम्प्युटर आहे. एआय म्हणतात तसलं. कोणाचा करार संपत आला, कोण नवा करील, कोण दुसऱ्या दुकानात पळेल, कोणाच्या गळ्यात आणखी काय मारता येईल, सगळं तीच ठरवते. जानू मेकॅनिकने आज कोणाच्या दारात जायचं तेही तीच. आवाज मात्र गोड आणि बोलणं पुस्तकातलं.

मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू? दुपारची फोन करायची. मी तिला गुडघ्याचं सांगायची, बांगड्याच्या भावाचं सांगायची, मध्येच एखादी शिवी हासडायची. ऐकून घ्यायची बिचारी. घरात सून आहे, नम्रता, पण ती अलीकडे जेवढ्यास तेवढं बोलते. नाटे गावची मुलगी, कोलंबीचं लोणचं असं घालते की ताट पुसून खावं. चैत्रात मला म्हणाली होती, फ्रीझरची डावी बाजू मला द्या, मी माझी कोलंबी भरत्ये आणि लोणचं माझ्या नावाने विकत्ये. मी म्हटलं, बघू. तिने आणखी दोनतीनदा विचारलं आणि मी दोनतीनदा बघू म्हटलं. मग तिने विचारायचं सोडलं. मला वाटलं, विसरली.

तर पौर्णिमा जवळ आली आणि फ्रीझर गार होईना. तुम्हांला यातलं कळणार नाही म्हणून सांगत्ये. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर, आणि मग सगळ्या एकदम पाण्यात. पहिली मासळी सगळ्यांच्या दारात एकाच दिवशी येते आणि भाव मातीत जातो. ज्याचा फ्रीझर चालू तो थांबतो, बाकीचे देऊन टाकतात. माझी सुरुवातच नासायची वेळ आली होती.

मी मनस्वीला फोन लावला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिला पिढ्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. ती म्हणाली, माझा विश्वास हीच त्यांची ताकद आहे, आणि मला याहून मोठ्या फ्रीझरची माहिती दिली. दुसऱ्या दिवशी मी आणखी ठेवणीतल्या काढल्या. तिने पाणी शुद्ध करायच्या यंत्रावर सवलत देऊ केली. जानू कधी येणार विचारलं, की म्हणायची, तुमचा नंबर आला की.

आणि बघत्ये तर काय, जानूची मोटरसायकल समोर सदूच्या दारात. सदू म्हणजे शब्दसुद्धा उसना देणार नाही असला माणूस. त्याचा फ्रीझर चांगला चालत होता, नुसता जरा गुरगुरत होता. मी तशीच गेले, जानूच्या गाडीची चावी काढून घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली. म्हटलं, आता सांग, माझ्या आधी याचा नंबर कसा लागला.

जानू आधी इकडेतिकडे करत राहिला. मग म्हणाला, "काकी, तुम्ही कुठे जात नाही, म्हणून."

मग एकेक बाहेर आलं. मनस्वीने म्हणे सगळ्या गिऱ्हाइकांचे फोन ऐकून ऐकून एक गोष्ट ताडली. जो शिव्या घालतो तो करार नवा करतोच. जो "बरं, धन्यवाद, विचार करून कळवतो" म्हणतो तो गेलाच. मग ती काय करते, गोड बोलणाऱ्याकडे आधी माणूस पाठवते, त्याला सवलती देते, त्याची मनधरणी करते. शिव्या घालणारा काय, घरचाच. त्याला थांबवायचं आणि जमलं तर आणखी एखादी वस्तू विकायची. तिच्या हिशेबाने साऱ्या किनाऱ्यावर माझ्याइतकं पक्कं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. मी जेवढं तोंड सोडत होते, तेवढा माझा नंबर खाली जात होता. सदू तर जन्माचा कोरडा, त्याला काही करावंच लागत नव्हतं.

मी म्हटलं, मेल्या, दारात उभा आहेस तर माझं काम करून जा. तो म्हणाला, गॅस ज्याच्या नावाने मिळतो त्याच्याच फ्रीझरमध्ये भरायचा, नाही तर मनस्वी शेठला सांगते. पोटावर पाय कशाला द्या त्याच्या, म्हणून चावी दिली. पण डोकं असं तापलं होतं की त्यावर बांगडे भाजले असते. रडल्याशिवाय आई पाजत नाही, बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे ऐकत मी म्हातारी झाले. आणि आता या बयेच्या राज्यात बोलणाऱ्याची बोरं कुजायची.

घरी आले आणि नम्रतासमोर सगळं ओकले. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी शिकवत्ये तुम्हांला."

आणि शिकवलं हो तिने. आधी मनस्वीची विचारपूस करायची नाही, जेवलीस का म्हणायचं नाही. ती काही बोलली की "बरं". काही देऊ केलं की "धन्यवाद". अगदी खोदून विचारलं की "विचार करून कळवते", आणि कळवायचं मात्र नाही. आवाज चढवायचा नाही आणि पाडायचाही नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण माझ्या तोंडात "बरं"च्या मागोमाग "गो मेले" आपोआप यायचं. शेवटी नम्रता माझा हात धरून बसली. चुकले की चिमटा.

मनस्वीचा फोन आला. करार संपत आलाय, म्हणाली. मी म्हटलं, बरं. ती मोठा फ्रीझर म्हणाली. मी म्हटलं, धन्यवाद. पुढची वस्तू काही तिने काढली नाही. मग म्हणाली, "सत्यवतीताई, तुमचा गुडघा कसा आहे?"

खरं सांगू, माझा जीव गलबलला. माझा गुडघा कोणी विचारला होता इतक्या दिवसांत? तोंडाशी आलं होतं की अगो, जिना चढवत नाही. नम्रताने असा चिमटा काढला की वळ उठला. मी म्हटलं, बरा आहे, धन्यवाद. ती म्हणाली, आमच्याकडून काही चुकलं का? मी म्हटलं, विचार करून कळवते, आणि फोन ठेवला. दारात आलेल्याला पाणी न देता घालवल्यासारखं वाटलं मला.

पण गुण आला. संध्याकाळच्या आत अर्ध्या किमतीत करार, वर एक साफसफाई फुकट. मग खुद्द हरिश्चंद्रशेठचा फोन, वहिनी, आपलं किती वर्षांचं नातं. त्यालाही मी बरं म्हटलं. सकाळी माझा चहा व्हायच्या आत जानू हजर. खाऱ्या हवेने पाइप सडला होता, तो बदलला, गॅस भरला. दुपारी झाकण उघडलं तर आत पांढरं पीठ भुरभुरल्यासारखा बर्फ. मी फ्रीझरच्या पाया पडले.

पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, होड्या गेल्या. मितेशने बांगडे आणले, सरंगे आणले. अख्खा गाव पडेल भावात विकत होता आणि मी दोन्ही झाकणांखाली ठासून भरून घरात पंख्याखाली बसले होते. रात्री जेवताना सरंग्याचा मधला तुकडा नम्रताच्या ताटात वाढला. म्हटलं, गो पोरी, हे सगळं तुझ्यामुळे.

ती म्हणाली, "बरं, आई. धन्यवाद."

माझा घास हातातच राहिला. आवाज चढलेला नाही, पडलेला नाही. ही मला शिकवत होती ते हिने काय त्या दिवशी बसून बनवलं होतं? लग्न होऊन आली तेव्हा मला अरेला कारे करायची. "म्हातारे, तुझं डोकं फिरलंय" म्हणून ओरडायची आणि सदू ऐकायला अंगणात यायचा. शेवटची शिवी तिने मला कधी घातली, काही केल्या आठवेना. आणि मी पालीच्या बाजारात सांगत फिरत होते, सून कशी गरीब गाय झाली हो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मी हळूच विचारलं, "नाट्याला माहेरी निघून जायचं मनात आहे काय गो तुझ्या?"

ती म्हणाली, "बघू."

माझाच शब्द, पण तिच्या तोंडून काट्यासारखा लागला. मग मी त्या मनस्वीसारखीच सुरू झाले. म्हटलं, फ्रीझरची डावी बाजू तुझी. पालीला माझ्या शेजारी तुझी जागा, लोणच्याच्या बाटलीवर तुझं नाव. ती म्हणाली, विचार करून कळवत्ये. मितेश बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत काटे काढत होता.

मी उठले. डावं झाकण उघडलं आणि बांगडे बाहेर काढायला लागले. दगड झालेले, बोटं बधिर झाली, गुडघा कुरकुरायला लागला, पण थांबले नाही. ती दारात येऊन उभी राहिली. मी पाठमोरीच म्हटलं, "अगो, एखादी शिवी तरी घाल."

मला वाटलं, गेली आत. मग पदर खोचताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

"म्हातारे," ती म्हणाली, "गुडघा मोडून घेशील. हो बाजूला, आणि हे बांगडे माझ्या कोलंबीच्या जागेत परत दिसले तर तुझ्यासकट खाडीत टाकीन."

मी बाजूला झाले आणि तिच्यासाठी डावं झाकण धरून उभी राहिले.