न चढलेला ताप

मित्रांनो, मी एक जुने प्रथिन आहे. जुने म्हणजे चार दिवसांचे. आमच्यात ते म्हातारपणच. माझे नाव थायोरेडॉक्सिन. उच्चारताना अडखळलात तरी मला राग येणार नाही. नाव लक्षात ठेवावे असे माझ्या हातून फारसे काही घडलेले नाही.

धारूरच्या डोंगराकडेला राहणाऱ्या सावित्रीबाईंच्या रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीत माझा जन्म झाला. पांढऱ्या पेशी शरीराच्या राखणदार. जंतू दिसला की त्या जहाल रसायने सोडतात, पण त्यांची झळ पेशीतल्या प्रथिनांनाही लागते. लोखंडावर गंज चढावा तशी ती निकामी होतात. तो गंज उतरवणे हे माझे काम. उतरवलेला गंज माझ्या अंगावर येतो आणि रिडक्टेज नावाची माझी सोबतीण तो काढून मला पुन्हा कामाला लावते. पहिल्या दिवशी मी झपाट्याने काम केले. शेजारी दुवा देत. आपण फार कामाचे आहोत, असे मला वाटू लागले. आज ते आठवले की मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी सावित्रीबाई सीताफळे काढायला डोंगरात गेल्या आणि बोराटीचा काटा टाचेत मोडला. त्यांनी टाचेला चिंधी बांधली आणि लुगडे खाली ओढले. मुलगा अजिनाथ आणि सून मनिषा दोन दिवसांनी ऊसतोडीला निघणार होती. आई आजारी दिसली तर ती थांबतील आणि टोळीतली त्यांची जागा जाईल, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

जंतू टाचेत शिरले. आमची पेशी धावली. पण म्हाताऱ्या शरीरात माझ्यासारखी प्रथिने थोडी, सोबतीणही संथ. मी एकाचा गंज उतरवीपर्यंत दहा गंजत. अशा वेळी पेशीने हाका मारायच्या असतात. त्या हाकांनीच ताप चढतो आणि घरच्यांना कळते. हाक घडवणाऱ्या प्रथिनांना धड ठेवणे माझ्याकडे होते. मला ते जमले नाही. हाक गेली, पण क्षीण. सारा दोष माझ्या एकट्याचा नसेल. तरी माझा वाटा मला ठाऊक आहे.

निघायच्या सकाळी ट्रॅक्टर दारात उभा होता. सावित्रीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनिषाने त्यांच्या कपाळाला हात लावला.

"अंग तर गार हाय. मग भाकर कावून न्हाई खाल्ली, आत्याबाई?"

"भूक न्हाई. तू जा, माय. टॅक्टरवाला बोंबलतोय."

"तिला काय व्हत न्हाई," अजिनाथ ट्रॉलीतून हसला. "अजून शंभर वर्सं आपल्याला शिव्या देईल!"

त्या गार कपाळाची मला जितकी लाज वाटते, तितकी कशाचीच नाही. ते कपाळ खोटे बोलत होते आणि त्यात माझा हात होता.

मनिषा ट्रॉलीत चढली. भांड्यांचे बोचके तिने सैल बांधले होते. ते सुटले, ताटे खणखणत अंगणात पडली. सासूने वर पाहिलेसुद्धा नाही. मनिषा तशीच खाली उतरली.

"शिव्या कुठं देत्यात? कवाच्या गप हायेत. काय लपवलंय, आत्याबाई?"

तिने लुगडे वर केले, चिंधी सोडली. टाच काळीनिळी झाली होती आणि लाल रेघ पोटरीकडे चढत होती.

अजिनाथने खाली उडी मारली. "तुमी व्हा म्होरं," तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. "आमच्या जागी कुनाला बी घ्या."

दवाखान्यात डॉक्टरांनी काटा काढला. "आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर पाय गेला असता," ते म्हणाले. "ताप नव्हता म्हणून बसून राहिलात ना?" मग सलाईनमधून औषध रक्तात आले आणि मला न जमलेले काम त्याने केले. मी शरमेने पाहत राहिले.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाचे अंग गार लागले म्हणून निघून जाऊ नका. जेवण सुटले का, बोलणे कमी झाले का, कुठे सूज आहे का, ते बघा. पेशी आता मला मोडील आणि माझ्या तुकड्यांतून नवी प्रथिने घडवील. त्यांतले एखादे माझ्या कामाला लागेल. तेही लवकर थकेल. त्याच्या एकट्याच्या भरवशावर आपल्या आजीला सोडू नका.