कर्ण्याबाहेर न आलेली माफी

मित्रांनो, पनवेलच्या एका दुकानाच्या माळ्यावर पत्र्याचा एक कर्णा पालथा पडला आहे. त्याला जागोजाग पोचे आलेत. तो मी. लाऊडस्पीकरचा कर्णा. माझं तोंड परातीएवढं आहे, पण घसा मात्र कायम दुसऱ्याचा.

मुंबईच्या एका कारखान्यात मला ठोकून घडवलं आणि भगवान नावाच्या माणसाने पनवेलला आणलं. भगवान आगरी, हाताचा कसबी आणि जिभेचा तिखट. त्याचा भाड्याने लाऊडस्पीकर द्यायचा धंदा होता. मोटारीच्या बॅटरीवर तो मला बोलता करायचा. लग्नात मी सिनेमाची गाणी म्हटली, उरुसात कव्वाल्या म्हटल्या, पुढाऱ्यांची भाषणं तर विचारूच नका. लोक माना वर करून माझ्याकडे बघत आणि मला वाटे, हे सगळं मीच बोलतोय! तेव्हा माझा तोरा काही औरच होता.

गावात ख्रिस्ती मंडळींची थोडी घरं होती. कोणी मास्तर, कोणी कंपाउंडर. त्यांचं कौलारू देऊळ तळ्याच्या अंगाला होतं. तिथले पाळक शांतवन हे सालस गृहस्थ. आवाज मऊ, वागणं सरळ. पण भित्रे. सरकारची आणि देवळाच्या पंचांची त्यांना सारखीच धास्ती वाटे.

त्याच मंडळीत मैनाबाई होती. मिशनच्या दवाखान्यात सुईण. अर्ध्या गावाची पोरं तिच्या हातावर जन्मलेली. तिचा एकुलता एक मुलगा याकोब बेचाळीसच्या चळवळीत पकडला गेला आणि त्याला ठाण्याच्या तुरुंगात टाकलं. त्या रविवारी मैनाबाई उपासनेआधी पाळकांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, आज प्रार्थनेत माझ्या याकोबाचं नाव घ्या."

"मैनाबाई," पाळक खालच्या आवाजात म्हणाले, "देवळात राजकारण नको."

आणि मग त्यांनी दर रविवारसारखी इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना केली, "परमेश्वरा, आमच्या राजाला सांभाळ, त्याच्या शत्रूंचा मोड कर." सगळे आमेन म्हणाले. मैनाबाईही म्हणाली, कारण तोंडाला सवय होती. मग तिच्या ध्यानात आलं की त्या शत्रूंत आपला मुलगाही आला. हे सगळं तिनेच पुढे भगवानला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

याकोब सुटून आला, पण देवळाची पायरी चढेना. "जिथं माझ्यासाठी एक शब्द नव्हता, तिथं मी काय करू?" असं म्हणायचा. मैनाबाईचा सगळा जीव एवढ्याच एका गोष्टीत अडकला होता की आपल्या लेकाने पुन्हा आपल्या शेजारी बाकावर बसावं.

स्वातंत्र्य आलं शुक्रवारी. पुढच्या रविवारी मंडळींनी ठरवलं की आपली आभाराची उपासना सगळ्या गावाला ऐकू गेली पाहिजे. आम्हीही इथलेच आहोत, हे कळू दे लोकांना. भगवानने मला खिडकीलगतच्या चिंचेवर बांधलं. मैनाबाईने हातापाया पडून याकोबाला आणलं होतं. आत आला नाही तो, पण तळ्याच्या कठड्यापाशी उभा राहिला. मैनाबाई खिडकीतून सारखी त्याच्याकडे बघत होती.

भजनं झाली. पेटी-तबल्यावर अशी रंगली, की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली. मग पाळक प्रार्थनेला उभे राहिले. देशासाठी बोलले, नव्या सरकारसाठी बोलले. डोळे मिटलेले होते, आवाज भरून आला होता. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांची जीभ ठरलेल्या वाटेने गेली, "परमेश्वरा, आमच्या राजाला सांभाळ, त्याच्या शत्रूंचा मोड कर."

मी ते सगळ्या बाजारपेठेला ऐकवलं! अगदी खणखणीत!

रस्त्यावर आधी हशा पिकला, मग शिव्या ऐकू आल्या. कोणीतरी ओरडलं, "राजाची माणसं!" याकोब कठड्यापासून वळला आणि मागे न बघता चालू लागला.

आत देवळाचे पंच काशिराम मास्तर उठले आणि त्यांनी माझी तार खेचून काढली. पाळक अजून माईकपुढेच उभे होते. त्यांच्या लक्षात आलं नाही की माईक मेला आहे. ते बोलू लागले, "माझं चुकलं. आजचं नाही, तेव्हाचं. या मंडळीचा मुलगा तुरुंगात होता आणि त्याच्या आईला मी म्हणालो, देवळात राजकारण नको. राजाचं नाव घेताना मात्र ते राजकारण आहे असं मला कधी वाटलंच नाही. मैनाबाई, मला क्षमा करा. याकोब, तूही."

खिडकीतून मला शब्द न् शब्द ऐकू आला, पण रस्त्यावर काहीच गेलं नाही. भगवान तार जोडायला सरसावला तसे मास्तर डाफरले, "राहू दे. शोभा झाली तेवढी पुरे." भगवानचा हात तिथेच थांबला. घरी आल्यावर मला पुसता पुसता तो पुटपुटला, "तार मी जोडाला हवी होती रं. मीच भ्यालो."

याकोब मुंबईला गेला आणि गोदीत कामाला लागला. पाळक अधूनमधून भगवानच्या दुकानात येत. बाकड्यावर बसत, माझ्याकडे बघत.

"कर्णा लावायचा हाय काय, साहेब?" भगवान विचारी.

"लावायचा आहे. बाजारात उभं राहून सांगायचं आहे सगळं. पण पंच नको म्हणतात. लोकही आता विसरलेत. कशाला उकरायचं?" आणि छत्री उचलून ते निघून जात. मैनाबाईने मात्र कधी त्यांच्याकडे तगादा लावला नाही. मला वाटतं, तिने लावायला हवा होता.

साठ साली महाराष्ट्र झाला. मैनाबाई आदल्याच वर्षी वारली होती. गावच्या सभेत सगळ्या धर्मांच्या लोकांना दोन शब्द बोलायला बोलावलं. मी खांबावर होतो. मुंबईहून संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले कार्यकर्ते आले होते, त्यांत याकोब होता. पाळक आता वाकले होते. त्यांनी त्याला ओळखलं, माईक धरला आणि पनवेलच्या भर सभेत तेव्हाचं सगळं सांगितलं. शब्द गाळला नाही. मीही जीव ओतून सांगितलं.

याकोब मंचावर आला. माईक दोघांच्या मध्ये होता, म्हणून त्याचा हळू आवाजही माझ्यातून सगळीकडे गेला.

"म्हणजे तुम्ही तेव्हाच माफी मागितली होती?"

"हो. त्याच दिवशी."

"आई माझगावला येऊन दर वेळी हेच सांगायची. मी म्हणायचो, अख्ख्या गावाने राजाची प्रार्थना ऐकली, मग माफी तेवढी तुलाच कशी ऐकू आली? मला परत न्यायला खोटं बोलतेस. शेवटच्या भेटीतही तिला खोटारडी म्हणालो मी."

पाळकांनी तोंड झाकून घेतलं.

सभा उठल्यावर याकोब भगवानपाशी आला. "दादा, याचा आवाज कबरस्तानापर्यंत जातो का हो?"

भगवान माझी दोरी सोडत होता. त्याने मान वर केली नाही. "वारा असला तं जाते," तो म्हणाला. "आज वारा नाय."

मित्रांनो, मला पोचे आले, गंज चढला, याचं मला काही वाटत नाही. माझी निगा राखा असंही माझं म्हणणं नाही. एवढंच सांगतो, की चूक चारचौघांत झाली असेल तर माफीही चारचौघांत मागा. आणि ती लवकर मागा, कारण तुम्ही गप्प राहता तेव्हा दुसरंच कोणीतरी खोटं ठरत असतं.