मर्लच्या नळीत अडकलेला बार

माझा थोरला भाऊ मर्ल, त्याचे डोळे चाललेत. डॉक्टरनं साफ सांगितलं, पुढच्या हिवाळ्यात झाड आणि हरीण सारखंच दिसेल. म्हणजे शिकारीचा हंगाम हा शेवटचाच. आमच्या पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात नाताळ झाला की चकमकीवर पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा हंगाम लागतो. मर्लनं एक साल चुकवलेलं नाही.

आणि नेमकं यंदाच आर्डिथनं दुकान बंद केलं! चाळीस वर्षं गावाला बंदुकीची दारू देणारी बाई. आता घ्यायची कुठनं?

गेलो हायवेवरच्या त्या अवाढव्य दुकानात. बोटी, तंबू, भुसा भरलेलं अस्वल, सगळं आहे. म्हणलं, "ठासणीच्या बंदुकीची दारू द्या." काउंटरवरच्या बाप्यानं मान वर न करता डबा सरकवला. "नवी आहे. धूर कमी, घाण कमी. सगळ्यात चालते."

आर्डिथ बंदूक बघितल्याशिवाय स्वतःच्या बापालाही दारू देत नसे. ह्यानं माझं तोंडसुद्धा बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी ओढ्याकाठी हरीण आलं. तीस पावलांवर! मर्लनं चाप ओढला. बाहेरची रंजक, म्हणजे चकमकीखालची चिमूटभर दारू, दारू ठेवायच्या जुन्या शिंगातली होती, ती भक्कन पेटली. आतला बार ढिम्म. पुन्हा रंजक भरली, पुन्हा फुस्स. हरणानं आमच्याकडं बघितलं आणि चालत निघून गेलं. पळायची तसदीसुद्धा घेतली नाही हो!

गोळी बसली नळीत रुतून. मी तणतणत त्या दुकानात. तो डबा उलटा करून म्हणतो, "हे बारीक अक्षरात लिहिलंय की. चकमकीला चालत नाही."

"मग गोळी काढून द्या."

"आम्ही बंदुकीला हात लावत नाही. बनवणाऱ्या कंपनीकडं पाठवा. सहा आठवडे लागतील."

"बनवणारा माझा आजा. टेकडीवरच्या कबरस्तानात असतो. पाठवू तिकडं?"

हंगामाचे दोन दिवस उरलेले. तसाच आर्डिथच्या दारात गेलो आणि ओरडलो, "लाज आहे का? हंगामाच्या तोंडावर दुकान मिटतेस?"

ती सफरचंदं सोलत होती. सुरी खाली ठेवली नाही. "झालं ओरडून? आता सांग, डेल्बर्ट, माझ्याकडनं शेवटचं काय नेलंस?"

"चकमकीचे दगड."

"किती?"

"दोन."

"कुठल्या साली?"

मी बोटांवर सालं मोजायला लागलो.

"आणि शिशाच्या गोळ्या कुठनं आणतोस?"

"फोनवरनं मागवतो. स्वस्त पडतात."

"ठोकवाला पन्नास पौंडांखाली दारू पाठवत नाही. गेल्या साली माझी सहा पौंड खपली. उरलेली काय कॉफीत घालू?" मग उठली. "बंदूक आण. मर्ललाही आण."

मर्लनं दस्ता धरला. तिनं कान्यातनं, नळीच्या त्या बारक्या भोकातनं, पाणी सोडून आतला बार भिजवला, गजाला मळसूत्र लावून गोळीत पिळलं आणि पाय रोवून ओढलं. एवढीशी बाई! गोळी निघाली तशी मर्लनं तिची टोपी तिच्याच डोळ्यांवर ओढली, लहानपणी ओढायचा तशी. तिनं नळी कढत पाण्यानं धुतली, दगडाला धार काढली, स्वतःच्या शिंगातनं दारू दिली. "चार बार होतील. जास्त मागू नको."

शनिवारी दुपारी मर्लनं बार टाकला. धूर हटला. तो तसाच समोर बघत राहिला.

"पडलं का रे?"

"पडलं," म्हणलं. मान दुसरीकडं वळवावी लागली मला.

सोमवारी हरणाची मांडी घेऊन आर्डिथकडं गेलो तर दुकानापुढं लिलाववाल्यांचा ट्रक. कपाटं गेलेली, काउंटर निघालेला.

"थांबव हे!" मी म्हणलं. "आम्ही सगळे मिळून पन्नास पौंड उचलू."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

एक मी. दुसरं नाव तोंडावर आलं ते मर्लचं, आणि गिळलं. बाकीचे ज्याचे त्याचे डबे हायवेवरनं आणतात, मी आणला तसेच.

काउंटर ओकचा, जड. ट्रकवाले दोघंच, घामाघूम झालेले.

"मांस खाली ठेव आणि ते टोक धर," आर्डिथ म्हणाली. "उभा काय राहिलास?"

धरलं. त्या दुकानाला, त्या ठोकवाल्याला आणि डेल्बर्ट नावाच्या गाढवाला शिव्या घालत काउंटर ट्रकवर चढवला.